गर्दीच्या सायकल फेरीत पहिल्यांदा उतरताना

तुम्ही विचारलंय, की बेळगावच्या शहापुरातून रोज उद्यमबागेत सायकलनेच कामाला जाता, म्हणजे रहदारीची सवय आहे, पण तीन-चारशे सायकलींच्या फेरीत कधी उतरला नाहीत. आता तेरा वर्षांची मुलगी हट्ट धरून बसलीय. दोघांनी जायचं तर तयारी काय करावी, आणि अशा फेरीत माणसं पडतात ती नेमकी कशाने?

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण बाकी सगळं त्यावरच उभं आहे. फेरीत माणूस मोटारीमुळे क्वचित पडतो. पडतो तो दुसऱ्या सायकलीमुळे, आणि तेही बहुतेक वेळा एकाच प्रकारे. पुढच्याने जरा वेग कमी केला, तुमचं लक्ष शेजारच्या गप्पांत होतं, आणि तुमचं पुढचं चाक त्याच्या मागच्या चाकाच्या बगलेत जाऊन बसलं. याला चाकात चाक घालणं म्हणतात. आता त्याने खड्डा चुकवायला अर्धा फूट बाजूला घेतलं, की दोन्ही टायर एकमेकांना घासतात आणि तुम्ही खाली. पुढचा बहुधा काहीच न होता निघून जातो. त्याला कळतसुद्धा नाही.

असं का होतं हे समजलं की सवय लावणं सोपं जातं. सायकल उभी राहते ती हँडल सतत बारीक बारीक हलत असल्यामुळे. डावीकडे कलली की हँडल किंचित डावीकडे वळतं, चाक पुन्हा अंगाखाली येतं, तोल सावरतो. हे आपण न कळत करत असतो. उजव्या बाजूने कुणाचं चाक टेकलं की उजवीकडची ती हालचाल बंद होते. आणि खरी अडचण पुढेच आहे. तुम्हाला डावीकडे निसटायचं असलं, तरी सायकल डावीकडे कलण्यासाठी हँडल आधी क्षणभर उजवीकडे जावं लागतं. तीच बाजू नेमकी अडलेली. म्हणून घाबरून झटका देणारा माणूस हमखास पडतो. टेकलंच तर दूर ओढू नका. हँडल घट्ट धरा, अंग त्याच्या चाकाच्या बाजूलाच थोडं रेला, पेडल मारणं थांबवा आणि मागचा ब्रेक अगदी हलका लावा. तुमचा वेग कमी झाला की चाक आपोआप मागे सुटतं. पुढचा ब्रेक, म्हणजे आपल्याकडे बहुतेक सायकलींना उजव्या हाताला असतो तो, या क्षणी अजिबात दाबायचा नाही.

अर्थात चाकाला चाक टेकूच न देणं हे त्याहून बरं. फेरीचा वेग ताशी १२ किलोमीटर धरा. म्हणजे सेकंदाला सव्वातीन मीटरहून थोडं जास्त. पुढच्याने ब्रेक दाबल्याचं दिसून आपला हात हलेपर्यंत एक सेकंद सहज जातो. सायकल साधारण पावणेदोन मीटर लांब असते. तेव्हा पुढच्याच्या मागच्या चाकापासून दोन सायकलींचं अंतर, साडेतीन मीटर, हे नवख्याचं माप. सरावलेली माणसं एका सायकलीच्या अंतरावर चालतात, कारण ती पुढच्याच्या चाकाकडे बघतच नाहीत. त्यांची नजर चार-पाच माणसं ओलांडून पुढे असते. पुढे डोकी खाली-वर झाली की तिथे हंप आहे, पाठी अचानक ताठ झाल्या की ब्रेक लागलेत. रोजच्या रस्त्यावर तुम्ही बसच्या मागचे दिवे बघता, इथे माणसांच्या पाठी बघायच्या, एवढाच फरक.

तुमच्या पुढे ठेवलेल्या जागेत कुणीतरी घुसणार, हे गृहीत धरा. घुसू द्या. पेडल क्षणभर थांबवून पुन्हा अंतर करा. दहा वेळा घुसले तर दहा वेळा. ही शर्यत नाही, आणि त्या जागेसाठी चढाओढ केली की तिथेच चाकात चाक जातं.

आता सराव. रोज दहा किलोमीटर सायकल मारणाऱ्यालाही हळू चालवता येतं असं नाही, आणि फेरीत हळू चालवणंच जास्त असतं. लेले मैदानासारख्या मोकळ्या जागेत दोन संध्याकाळी काढा. वीस मीटरवर दोन दगड ठेवा आणि ते अंतर वीस सेकंदांत पार करा, पाय न टेकता. हलका गिअर, पेडल चालूच, मागचा ब्रेक थोडा ओढून ठेवलेला. चालत्या माणसापेक्षाही हा वेग कमी आहे. पहिल्यांदा हँडल वेडंवाकडं होईल, पाच-सहा फेऱ्यांत जमेल. नंतर चुन्याने एक सरळ रेघ मारून तिच्यावरून जाताना उजव्या खांद्यावरून मागे बघा आणि मुलीला मागे उभी करून तिने किती बोटं दाखवली ते सांगा. मान वळली की खांदा वळतो, खांद्याबरोबर हँडल. रेघेपासून वीतभरापेक्षा जास्त सरकलात तर अजून सराव हवा. मुलीकडूनही हे दोन्ही करून घ्या. ते तिला तुमच्यापेक्षा लवकर जमेल, मुलांना जमतंच. तिला शिकवायचं ते वेगळं आहे: शेजारच्या मैत्रिणीशी बोलताना तिच्याकडे बघायचं नाही, समोर बघत बोलायचं.

सायकलीचं बघताना नवे भाग घालायच्या भानगडीत पडू नका. आहे तीच नीट करा, आणि फेरीच्या आदल्या दिवशी नाही, आठवडाभर आधी. ब्रेक पूर्ण ओढल्यावर दांडी आणि मूठ यांत दोन बोटं मावली पाहिजेत. मावत नसतील तर केबल सैल आहे. मागचं चाक उचलून फिरवा आणि ब्रेकच्या रबराकडे बघा. रिम दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त डावी-उजवीकडे जात असेल तर चाक आऊट आहे, दुकानात आरे ओढून आऊट काढून घ्या. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवा. हँडलच्या नळीत टकटक लागली तर वाटी-छर्रे सैल आहेत, आणि सैल हँडलची सायकल कमी वेगात सरळ चालतच नाही. २६ गुणिले १.९५ चं टायर असेल तर साठ-सत्तर किलोच्या माणसाला ४० ते ४५ पीएसआय हवा पुरे. टायरच्या बाजूला मर्यादा छापलेली असते ती ओलांडू नका. अंगठ्याने दाबून ठरवण्यापेक्षा मीटर लावून भरा.

सीट पहिल्या फेरीपुरती दोन-तीन सेंटिमीटर खाली घ्या. गुडघ्यांना थोडा जाच होईल, पण गर्दी अचानक थांबली की सीटवर बसूनच पाय जमिनीला टेकला पाहिजे. हा बदल फुकटचा आहे आणि सगळ्यांत जास्त उपयोगाचा.

स्टँडची स्प्रिंग तपासा. ढिला स्टँड हंपवर खाली येतो आणि पुढच्याच हंपला अडकतो. कॅरिअरवर लोंबणारी दोरी, हँडलला अडकवलेली पिशवी, बाटलीचा लटकता पट्टा, सगळं घरी.

आणि झेंडे, फेटे. आपल्या बेळगावात कुठलीही फेरी काढली की मिरवणुकीचा थाट येतोच, त्यात वाईट काही नाही. पण हँडलला बांधलेली काठी शेजारच्याच्या डोळ्याच्या उंचीवर येते. झेंडा लावायचा तर मागे कॅरिअरला, लवचिक प्लॅस्टिकच्या काडीवर, हँडलच्या रुंदीत मावेल असा. फेटा बांधला की हेल्मेट बसत नाही, आणि मागे सोडलेला शेमला वाऱ्याने पुढे येतो. माझं स्पष्ट मत आहे, डोक्यावर हेल्मेटच हवं, फेटा फेरी संपल्यावर बांधा. ओढणी कमरेला गच्च बांधून गाठ मारलेली. नऊवारीत सायकल चालवायची असेल तर काष्टा नीट खोचलेला असेल तेव्हा अडचण कमी येते, पाचवारीचा घोळ मात्र चेनमध्ये जातो. चेनला कव्हर नसेल तर उजव्या पायाच्या सलवारीला किंवा पँटीला रबर लावा.

फेरीच्या दिवशी अर्धा तास आधी पोचा आणि मागच्या तुकडीत उभे राहा. पुढची जागा मोहात पाडते, पण पुढे उभे राहिलात तर मागून वेगवान मंडळी दोन्ही बाजूंनी तुम्हाला ओलांडत राहतात. मागे असलात की हा त्रास नाही. सुरुवातीचे दोनशे मीटर सगळ्यांत वाईट असतात. प्रत्येक जण एकाच वेळी पाय उचलतो, कुणी जड गिअरमध्ये अडकलेला, कुणी डुलतोय. तुम्ही पुढचा गिअर मधल्या चकतीवर आणि मागचा हलका ठेवून उभे राहा, एक पेडल वर आणून ठेवा, पुढचा माणूस चार-पाच मीटर गेला की मगच निघा. मोबाइल खिशात. चालत्या सायकलीवरून फोटो काढणारा दिसला की त्याच्या मागून बाजूला व्हा, तो पडणार आहे असं समजूनच.

चालायला लागल्यावर नियम एकच, आपली रेघ सोडायची नाही. रस्त्याच्या साडेतीन मीटरच्या पट्ट्यात तीन सायकली शेजारी शेजारी मावतात, हँडल सत्तर सेंटिमीटरचं धरलं तर मधे जेमतेम हातभर जागा उरते. खडे बाजार किंवा गणपत गल्लीसारख्या ठिकाणी, जिथे दोन्ही कडांना गाड्या लावलेल्या असतात, तिथे दोनच. उभ्या मोटारीपासून एक मीटर सोडा, दार उघडतं. छोटा खड्डा आला तर तो चुकवू नका. वेग आधीच कमी करून, पेडल आडवी, सीटवरून किंचित उठून त्याच्यावरून जा. खड्ड्याने हाताला हिसका बसतो. चुकवायला गेलात तर शेजारचा पडतो.

ओरडून सांगायचे शब्द निघण्याआधीच ठरवून घ्या, आणि ते चारच ठेवा: खड्डा, हंप, थांबतोय, उजवीकडून. हुबळी-धारवाडकडून आलेली मंडळी असली तर ‘गुंडी’ (खड्डा) आणि ‘निल्री’ (थांबा) हे दोन कन्नड शब्द तुमच्याही कानाला ओळखीचे हवेत. ‘उजवीकडून’ हे ओलांडणाऱ्याने म्हणायचं. डावीकडून कुणाला ओलांडायचंच नाही. हाताने खूण करण्यापेक्षा तोंडाने सांगा. गर्दीत ब्रेकवरून हात काढणं नवख्याला परवडत नाही. आणि ऐकलेला शब्द मागे पोचवा. तुमच्यापर्यंत येऊन तो थांबला, तर मागच्या दोनशे जणांना हंप कळलाच नाही.

वळणावर आत असलेला आतच राहतो, बाहेर असलेला बाहेरच. डावं वळण आवळ असतं. तिघे शेजारी असतील तर आतल्याला बाहेरच्यापेक्षा साधारण तीन-साडेतीन मीटर कमी अंतर कापावं लागतं. म्हणून आतल्याने वेग कमी करायचा, बाहेरच्याने रुंद जायचं. आतला आपल्याच वेगात गेला की तो वळणाबाहेर फेकला जातो आणि मधल्याच्या चाकात घुसतो. तुम्ही मधे असाल तर वळणाआधीच अंतर वाढवा. ब्रेक सरळ रस्त्यावर लावा, वळताना नाही.

टिळकवाडीच्या रेल्वे गेटवरून फेरी जाणार असेल तर ते फाटक वेगळं लक्षात ठेवा. रुळाच्या आतल्या कडेला पाच-सहा सेंटिमीटरची खाच असते. जुन्या काळ्या सायकलीचं दीड इंची टायर तिच्यात पूर्ण बसतं, तुमचं १.९५ चंही बसू शकतं. रूळ काटकोनात ओलांडायचे, पेडल थांबवून, हँडल सरळ, रुळावर ब्रेक नाही आणि वळण नाही. रस्ता तिरका असेल तर रुळाच्या दहा मीटर आधीच सावकाश बाजूला घेऊन कोन सरळ करा, पण मागे बघून. ओला रूळ साबणासारखा असतो, तिथे उतरून चालत जाण्यात कमीपणा नाही. सिमेंटच्या रस्त्याची कड आणि बाजूचे पेव्हर यांच्यात दोन-तीन सेंटिमीटरची पायरी राहिलेली असते, तिचंही तेच. तिला समांतर घासत वर चढायला गेलात तर चाक घसरतं.

कपिलेश्वर उड्डाणपुलासारख्या चढावर लोक उभं राहून पेडल मारतात. उभं राहताना सायकल क्षणभर मागे येते, वीतभर तरी. पुढच्याने बूड उचललं की अंतर वाढवा. तुम्ही स्वतः बसूनच, हलक्या गिअरवर चढा, गिअर चढाच्या आधी बदला. चढात जोर लावून बदलला की चेन पडते आणि तुम्ही गर्दीच्या मधोमध उभे. उतारावर वेग नकळत वीसच्या वर जातो, तिथे अंतर दुप्पट.

३ जूनला जागतिक सायकल दिन असतो, संयुक्त राष्ट्रांनी तो २०१८ मध्ये जाहीर केला. पण बेळगावात तो दिवस पावसाच्या तोंडाशी येतो. वळवाची सर पडून गेली की रस्त्यावर साचलेलं तेल वर येतं, आणि झेब्रा क्रॉसिंगचे पांढरे पट्टे, गटारांची लोखंडी झाकणं निसरडी होतात. स्टीलची रिम आणि सळईचे ब्रेक असलेली सायकल पावसात थांबायला कोरड्याच्या कितीतरी पट जास्त अंतर घेते. ओल्या रिमला थांबण्याआधी दोन-तीनदा हलका ब्रेक लावून पुसून घ्यावं लागतं. अशी सायकल असणाऱ्यांनी पावसात शेवटच्या तुकडीतच राहावं. ऊस हंगामात आणखी एक गोष्ट, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून पडलेल्या कांड्या आणि चाकांची माती. कांडीवरून सरळ जा, तिरकं नको.

पंक्चर झालं किंवा चेन पडली तर जागच्या जागी थांबू नका. हात वर, ‘थांबतोय’ म्हणत, हळूहळू डाव्या कडेला, आणि सायकल उचलून रस्त्याच्या बाहेर. कुणी पडलं तर मागच्या दोघांनी ओरडून गर्दी दोन्ही बाजूंनी वळवायची. पडलेल्याला लगेच ओढून उभं करू नका. मान दुखते का, हात-पाय हलतात का, आज वार कोणता, एवढं विचारा. हात टेकून पडल्यावर मनगट किंवा गळ्याजवळचं हाड मोडतं. हात पोटाशी धरून बसला असेल तर तसाच राहू द्या. डोक्याला मार, उलटी, गुंगी यांपैकी काहीही असलं तर १०८ ला फोन, तो माणूस ‘मला काही झालं नाही’ म्हणत असला तरी. खरचटलेलं स्वच्छ पाण्याने धुवायचं. हळद, चुना, कॉफीची पूड काही लावायचं नाही, खडी आत राहिली की पिकतं.

चौकात सिग्नल लाल झाला तर? इथे आयोजकांनी हिशेब केलेला असतो की नाही हे नाव नोंदवतानाच विचारा. ३०० सायकली, दोन दोनच्या ओळी, ओळीला चार मीटर, म्हणजे सहाशे मीटरची रांग. ताशी १२ च्या वेगाने ती चौकातून जायला तीन मिनिटं घेते. चन्नम्मा चौकात तीन मिनिटं हिरवा दिवा कुणी देणार नाही. म्हणून चाळीस चाळीसच्या तुकड्या करतात. एक तुकडी ऐंशी मीटर, चोवीस सेकंदांत पार. मिनिटाच्या अंतराने सोडल्या की दोन तुकड्यांत एकशेवीस मीटर मोकळे राहतात, रिक्षा, बस, रुग्णवाहिका त्यातून निघून जातात. दर वीस जणांमागे एक मार्शल, सर्वांत पुढे वेग धरणारा, सर्वांत मागे शेपूट सांभाळणारा, आणि पोलीस आयुक्तालयाची परवानगी. यातलं काही नसेल तर मुलीला घेऊन जाऊ नका. सॅन फ्रान्सिस्कोत १९९२ साली सुरू झालेल्या क्रिटिकल मास फेऱ्यांत सायकलस्वारच आडव्या रस्त्याच्या तोंडाशी उभे राहून गाड्या अडवतात. त्याला कॉर्किंग म्हणतात, बाटलीला बूच लावल्यासारखं. ते बघून इथे कुणी स्वतःहून बसपुढे आडवं उभं राहू नये. चौक अडवणं पोलिसांचं काम आहे, आणि ते नसतील तर आपण लाल दिव्याला थांबायचं, फेरी तुटली तरी.

मुलीला तुमच्या डाव्या हाताला ठेवा आणि तुम्ही तिच्या थोडे मागे, मधे मीटरभर जागा सोडून. तिच्या पुढे गेलात तर ती तुम्हाला गाठायला धावते. वेग तिचा. ताशी दहाच्या खाली आला तरी चालेल, शेपूट सांभाळणारा माणूस त्याचसाठी असतो. दमली तर काँग्रेस रोडच्या सरळ पट्ट्यावर बाजूला घेऊन पाणी पाजा, चौकाजवळ थांबू नका. शेवटच्या रेघेवर सगळे ब्रेक मारून फोटोला उभे राहतात आणि मागून येणारे त्यांच्यावर आदळतात. तुम्ही दोघं रेघ ओलांडून आणखी पन्नास मीटर पुढे जाऊनच उतरा. आणि तिथून शहापूरला परतताना तिला आधीच सांगून ठेवा, की आता तिघांच्या ओळी संपल्या, एकामागे एक, तू पुढे.